अक्काचा आकडा

अक्काचा आकडा एकोणीस आलेला पडद्यावर दिसला, तेव्हा शैलजाला सगळ्यात आधी वाटलं ते सुटल्यासारखं. वाईट वाटायला हवं होतं, निदान आश्चर्य तरी. पण मनात आलं ते एवढंच, की बरं झालं, ही कटकट एकदाची संपली. तो क्षण पुढे कित्येक महिने ती स्वतःपासूनसुद्धा लपवत राहिली.

शैलजा गुंडेटी सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका युनिफॉर्मच्या कारखान्यात कल्याण अधिकारी होती. शाळांचे शर्ट, दवाखान्यांचे गाऊन, रखवालदारांच्या खाकी पँटी असं सगळं तिथे शिवलं जायचं. कारखान्यात तीनशे बाया होत्या. त्यांच्या रजा, आजारपणं, पाळणाघर, आपसांतली भांडणं, सगळं शैलजाच्या टेबलावर यायचं. तिची सख्खी थोरली बहीण नागमणी त्याच कारखान्यात इस्त्रीच्या टेबलावर होती. शैलजा तिला अक्का म्हणायची. हळूहळू सगळा कारखानाच तिला अक्का म्हणू लागला होता.

अक्काचं अंग गेली अकरा वर्षं दुखत होतं. मानेपासून टाचेपर्यंत, कधी इथे, कधी तिथे. रात्रभर झोपली तरी सकाळी मार खाल्ल्यासारखी उठायची. नातवाने लाडाने दंड धरला तरी कळवळायची. रक्त, लघवी, एक्स-रे, एमआरआय, सगळं नॉर्मल. डॉक्टर या दुखण्याला फायब्रोमायल्जिया म्हणायचे. भावकीत त्याला दुसरं नाव होतं : "नागमणीची नाटकं."

हाड मोडलं तर फोटोत दिसतं, ताप थर्मामीटरला कळतो. या दुखण्याला मात्र पुरावा नव्हता. कारण दोष हाडात नसतो आणि स्नायूतही नसतो. अंगाकडून मेंदूकडे जाणाऱ्या निरोपांचा आवाज वाढलेला असतो. रेडिओचं बटण कुणीतरी पिळून ठेवावं आणि साध्या बातम्यांनीही कानठळ्या बसाव्यात, तसं. हे बटण कुणाचं सैल असतं, ते काही अंशी जन्माबरोबर ठरतं. त्याला एकच एक जनुक कारणीभूत नसतं. शेकडो जनुकांतले बारीकसारीक फरक असतात आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. एखाद्या फरकामुळे मेंदूतली रसायनं सावकाश निचरतात, एखाद्यामुळे मज्जातंतूंची दारं जरा जास्त वेळ उघडी राहतात. पुण्याच्या एका प्रयोगशाळेने या सगळ्या चिमटींची बेरीज करणारी तपासणी काढली आणि तिला नाव दिलं 'वेदनापट'. बोटातून रक्ताचे दोन थेंब द्यायचे. दोन दिवसांनी शून्य ते शंभरमधला एक आकडा मिळायचा. साठच्या वर गेला, की त्या कामगाराला बसून करायचं हलकं काम द्यायचंच, असा नियमही पाठोपाठ झाला.

पहिले काही महिने ही तपासणी म्हणजे देवाचा प्रसादच वाटला. काज-बटण विभागातल्या रुक्साना बागवानचा आकडा त्र्याऐंशी आला. तिची सासू, जी "ही सोंगं आमच्या घरात चालायची नाहीत" म्हणायची, ती कारखान्याच्या फाटकात येऊन रडली. शैलजाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तर तिचा वेदनापटावर इतका भरवसा होता. सुरुवातीला सुईला घाबरून कुणी पुढे येईना, तेव्हा सगळ्यांसमोर पहिलं रक्त तिनेच दिलं होतं. तिचा आकडा आला एकवीस. बायांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

अक्का मात्र तपासणी टाळत होती. शैलजानेच तिच्या मागे लागून ती करायला लावली. "एकदाचा कागद हातात येऊ दे. तुला धागे कापायच्या टेबलावर बसवते. मग कुणाची तोंडं उघडणार नाहीत."

आणि कागदावर आलं एकोणीस.

शैलजाने अक्काला केबिनमध्ये बोलावलं. अक्का खुर्चीच्या कडेवर बसली. इस्त्रीच्या वाफेने तिचा चेहरा लाल झाला होता.

"अक्का, माझा एकवीस आहे. तुझा एकोणीस. म्हणजे माझ्यापेक्षा दोननं कमी."

"मग?"

"मग काय... आपण एका आईच्या. एकच रक्त. मला तर काही होत नाही."

अक्काने थोडा वेळ त्या कागदाकडे पाहिलं. तिला मराठी वाचता येत नव्हतं, घरची तेलुगूही नाही. आकडे तेवढे कळायचे.

"म्हणजे माझं दुखत नाही, असं म्हणूलालीस?"

"तसं नाही म्हणत गं मी."

"मग कसं म्हणूलालीस?"

शैलजाने कागद परत फाइलीत सरकवला. ती म्हणाली, "मनाचं असतं कधीकधी. तू जरा दुसरीकडे लक्ष लाव. आणि हे बघ, माझी बहीण म्हणून तुला हलकं काम दिलं, तर उद्या बाया माझ्या तोंडावर थुंकतील."

अक्का उठली. दाराशी थांबून एवढंच म्हणाली, "बरं," आणि इस्त्रीवर गेली.

गोष्ट तिथेच थांबली असती, तरी एक वेळ चाललं असतं. पण पुढच्या रविवारी शैलजा अक्काच्या घरी जेवायला गेली आणि बोलता बोलता तो आकडा भाऊजींसमोर बोलून बसली. अक्काचे यजमान नारायण यंगल तसे वाईट माणूस नव्हते. यंत्रमागावरून येऊन भाकऱ्या थापायचे, चादरी धुवायचे. कुरकुरत, पण करायचे. एकोणीस ऐकल्यावर त्यांनी ताटातली बोटं चाटली आणि हसले. "बघ नागमणी, आता सायन्सच बोललं. अकरा वर्षं मला येड्यात काढलीस की."

दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या अक्काच थापू लागली.

आणि नवल म्हणजे, तिने दुखतं म्हणणंच सोडलं. ना हुंकार, ना कण्हणं. महिना गेला, सहा महिने गेले. "कशी आहेस?" विचारलं की "बरी आहे." शैलजाला वाटलं, गुण आला. खरोखरच वाटलं. इतकं, की आजूबाजूच्या कारखान्यांतल्या अधिकाऱ्यांचं शिबिर भरलं तेव्हा तिने माइकवर अक्काचं उदाहरण दिलं. नाव घेतलं नाही. "आमच्याकडे एक बाई होत्या. अकरा वर्षं दुखतं म्हणायच्या. आकडा कमी आल्याचं कळलं आणि त्यांचं दुखणं थांबलं. सत्य कळणं हेच कधीकधी औषध असतं." सभागृहात माना डोलल्या. कुणीतरी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

चौदा महिन्यांनी पुण्याच्या प्रयोगशाळेतून डॉक्टर रेश्मा तांबोळी आल्या. पस्तिशीच्या, पाठीला सॅक. चहा समोर आला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

"मॅडम, मी माफी मागायला आलेय," त्या म्हणाल्या. "आमची बेरीज चुकली."

शैलजाला आधी वाटलं, काही छपाईची चूक असेल.

डॉक्टर सांगू लागल्या. यंत्राला शिकवायला दोन ढीग लागतात. एक दुखणाऱ्यांचा, एक निरोगी माणसांचा. दोन्ही ढिगांतलं रक्त ताडून यंत्र ठरवतं, की कुठला फरक दुखण्याच्या बाजूचा आणि कुठला नाही. दुखणाऱ्यांचा ढीग आला मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांतून. म्हणजे ज्यांच्या घरच्यांनी विश्वास ठेवला, ज्यांना रजा मिळाली, जे पाच-पाच डॉक्टर पालथे घालू शकले, त्यांच्याकडून. निरोगी माणसांचा ढीग आला गावोगावच्या रक्तदान शिबिरांतून आणि आरोग्य तपासण्यांतून. त्यात सोलापूरच्या विणकर वस्त्यांतल्या, विड्या वळणाऱ्या शेकडो बाया होत्या.

"त्यांच्या कार्डावर दुखण्याची नोंद नव्हती," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून आम्ही त्यांना निरोगी धरलं. त्यांचं दुखत होतं, मॅडम. कुणी लिहून घेतलं नव्हतं, एवढंच. मग यंत्र काय शिकलं? या बायांच्या रक्तातले फरक म्हणजे निरोगीपणाची खूण. जे फरक आकडा वाढवायला हवे होते, ते आकडा कमी करत बसले. तुमच्या तेलुगू विणकर समाजाच्या जवळजवळ प्रत्येक बाईचा आकडा आम्ही खाली ओढला."

"किती जणी?" शैलजाने विचारलं.

"तुमच्या कारखान्यात सेहेचाळीस." त्यांनी यादी पुढे सरकवली. जुना आकडा, नवा आकडा. शैलजाचं बोट आपोआप खाली सरकत गेलं. नागमणी यंगल : जुना एकोणीस, नवा अठ्ठ्याहत्तर. दोन ओळी खाली तिचं स्वतःचं नाव होतं. जुना एकवीस, नवा चौऱ्याहत्तर.

"नागमणी माझी बहीण, ती दुखतं म्हणायची. पण माझं काही दुखत नाही," ती म्हणाली. घाईने म्हणाली, जणू यादीत आणखी एक चूक सापडली असती तर तिला हवीच होती.

"असू शकतं. जनुकं काही दुखणं धाडत नाहीत. दाराची कडी सैल ठेवतात, एवढंच. दार लोटायला बाहेरून काहीतरी लागतं. म्हणून यावेळी आम्ही आकड्याबरोबर हा फॉर्मही भरून घेतोय. बहीण-बहीण असल्या तर फारच उपयोग होतो." डॉक्टरांनी दोन पानं समोर ठेवली, एक तिचं, एक अक्काचं. "तुमचा भरता का? पाच मिनिटं लागतील."

शैलजाने पेन घेतलं. कष्टाचं काम कोणत्या वयात सुरू केलं? तिने लिहिलं, तेवीस. आणि मग 'कष्टाचं' या शब्दाशी अडखळली. लहानपणी सलग वर्षभर अपुरी झोप? नाही. लहान वयात घरातल्या कुणाच्या आजारपणाची जबाबदारी? नाही. अपत्याचा मृत्यू? नाही. मारहाण? नाही.

प्रत्येक 'नाही' लिहिताना शेजारच्या कोऱ्या पानावरचं उत्तर तिला माहीत होतं. आई आजारी पडली तेव्हा अक्का बारा वर्षांची होती आणि शैलजा सहा. आई दोन वर्षं अंथरुणात होती. तिचं सगळं अक्का करायची आणि वर आईच्या वाट्याच्या विड्याही तीच वळायची. रोज हजार. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पहाटे चारला उठून पानं कापायची. आई गेल्यावरही हजार. वडिलांचा हात उठायचा तेव्हा अक्का मध्ये यायची. शैलजाने एकदा हौसेने सुपाला हात लावला, तर अक्काने तो झिडकारला होता : "अभ्यास कर. या वासाला तू लागायचं नाहीस." पुढे लग्न झालं, पहिला मुलगा दीड महिन्याचा होऊन गेला, आणि तिसऱ्या दिवशी अक्का कामावर गेली. शैलजाच्या बीएच्या परीक्षेची फी त्याच आठवड्यात भरायची होती.

"एवढा सारखा आकडा, आणि एकीचं दुखतंय, एकीचं नाही," डॉक्टर यादी बघत सहज म्हणाल्या. त्यांना बाकी काहीच ठाऊक नव्हतं. "तुम्हाला लहानपणी कुणीतरी फार जपलेलं असणार."

शैलजाने पेन खाली ठेवलं. फॉर्म अर्धाच राहिला.

जेवणाची सुट्टी झाली होती. ती इस्त्री विभागात गेली. टेबलांपाशी कुणी नव्हतं. कापडाच्या गठ्ठ्यांमागून बोलण्याचा आवाज आला म्हणून ती तिकडे वळली. ताग्यांच्या आडोशाला अक्का जमिनीवर पडली होती. गुडघ्यांवर, खांद्यांवर इस्त्रीने गरम केलेल्या चिंध्या ठेवल्या होत्या. एक बाई त्या थंड झाल्या की बदलत होती, दुसरी पायांचे तळवे हलक्या हाताने धरून बसली होती. शैलजा दिसताच दोघी गप्प झाल्या. एकीने पटकन चिंध्या गोळा करायला घेतल्या, चोरी पकडल्यासारख्या.

"कधीपासून?" शैलजाने विचारलं.

पायाशी बसलेली अनसूया कोंडा म्हणाली, "मॅडम, रागावू नका. तीननंतर अक्कांच्यानं इस्त्री उचलत नाही. आम्ही दोघी वाटून घेतो त्यांचे नग. आमच्या कामात कमी पडू दिलं नाही कधी."

"कधीपासून, विचारलं मी."

"तो एकोणीस आला तेव्हापासून."

चौदा महिने. इस्त्रीवाल्यांना ठाऊक, काजवाल्यांना ठाऊक, चहावाल्या मावशींना ठाऊक. तिने शिबिरात माइकवर सांगितलं तेव्हा हॉलच्या मागे यातल्या चौघी खुर्च्या लावायला आल्या होत्या. त्यांनी ऐकलं असणार. ऐकून खाली माना घालून खुर्च्या उचलल्या असणार. लपायला जागा असती तर शैलजा त्या ताग्यांमागे लपली असती. पण ती जागा आधीच कुणाला तरी तिच्यापासून लपायला लागली होती.

ती अक्काशेजारी खाली बसली. "अक्का, आकडा चुकला होता. पुण्याहून डॉक्टर आल्यात. तुझा एकोणीस नाही, अठ्ठ्याहत्तर आहे. उद्यापासून तू धाग्याच्या टेबलावर."

अक्काने डोळे उघडले. त्यांत आनंद नव्हता, रागही नव्हता.

"आज अठ्ठ्याहत्तर झाला, म्हणून आज दुखतंय होय माझं?"

"अक्का..."

"आणि उद्या परत एकोणीस केला त्यांनी, तर?" ती कोपरावर रेलून उठली. "शैलू, मी तुला अकरा वर्षं सांगूलाले. तू मशिनीला विचारलीस."

भोंगा झाला. बाया उठल्या. शैलजा तिथेच बसून राहिली.

मालकांचं म्हणणं सरळ होतं. सेहेचाळीस जणींना नवे आकडे कळवा, नियमाप्रमाणे कामं बदला, विषय मिटवा. शैलजाने कामं त्याच दिवशी बदलली. पण पुढच्या शिबिराची तारीख आधीच ठरलेली होती, आणि तेच सभागृह, तेच अधिकारी. त्या दिवशी तिने इस्त्री विभागातल्या सगळ्या बायांना बोलावून घेतलं आणि खुर्च्या स्वतः लावल्या.

"मागच्या वेळी मी तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगितली होती," ती माइकवर म्हणाली. "ती खोटी होती. त्या बाईंचं दुखणं थांबलं नव्हतं. त्यांनी सांगणं थांबवलं होतं, कारण ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. त्या बाई माझी बहीण आहेत. नागमणी यंगल. त्यांनी मला वाढवलं. त्यांच्या नवऱ्याला आकडा मीच सांगितला आणि तुम्हालाही मीच सांगितला. यंत्र चुकलं ही यंत्राची चूक. पण अकरा वर्षं यंत्र नव्हतं, तेव्हाही मी तिचं खरं मानलं नव्हतं. ती चूक माझी."

या वेळी कुणाच्या माना डोलल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी घड्याळात पाहिलं. तिने पुढे सांगितलं, की आजपासून आमच्याकडे हलकं काम मागायला आकडा लागणार नाही. बाईने सांगितलं की पुरे. नियमाला अजून आकडा लागतच होता, म्हणून कागदावर आकड्याच्या जागी ती आपल्या नावाने सही करणार होती.

मालक नंतर केबिनमध्ये येऊन म्हणाले, "उद्या तीनशेच्या तीनशे बाया रांगेत उभ्या राहतील. मग शिवणार कोण? तुम्ही?"

महिनाभरात अकरा जणी आल्या. त्यातल्या दोघी वेळ घेऊन, चाचरत आल्या आणि "नको मॅडम, राहू दे," म्हणून परत निघाल्या होत्या. त्यांना शैलजाने दारातून मागे बोलावलं.

अक्का शिबिराला आली नव्हती. कुणीतरी तिला सांगितलं असणारच. धाग्याच्या टेबलावर ती मान खाली घालून बसायची. शैलजा जवळून गेली की हातातली कात्री तेवढी थांबायची आणि पुन्हा चालू व्हायची.

एका रविवारी शैलजा सकाळी सातलाच अक्काच्या घरी पोचली. पाणी येण्याचा दिवस होता. चार दिवसांनी एकदा यायचं, तासभर. गल्लीत बायकांची धावपळ चालली होती. भाऊजींनी दार उघडलं. तिच्याकडे न बघता म्हणाले, "पीठ मळून ठेवलंय मी. दूध घेऊन येतो," आणि चपला सरकवून निघून गेले. अक्का उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली होती. शैलजाने पदर खोचला, नळाखाली कळशी लावली आणि पिंप भरायला घेतलं. दोन खेपा झाल्या. तिसरीला ती थांबली.

"अक्का, कुठं दुखतं?"

"आता कशाला?"

"मी कधी विचारलंच नाही. लोकांसमोर सगळं बोलले, तुला विचारलं नाही."

शैलजाने आणखी दोन कळश्या ओतल्या. मग मागून आवाज आला. बारीक, सवय मोडलेला.

"सकाळी उठलं की तळपाय. जमिनीला टेकवत नाहीत. काचांवर ठेवल्यासारखं होतं. दहा मिनिटं खाटेच्या कडेवरच बसते..." ती मध्येच थांबली. "अनसूया सांगत होती, तुझा पण आकडा वाढला. नवा किती गं?"

"माझा? चौऱ्याहत्तर."

अक्का भिंतीला धरून उठली. उठताना तिचे ओठ आवळले गेलेले शैलजाने पाहिले. तशीच ती नळापाशी आली आणि भरलेल्या कळशीच्या काठाला तिने हात घातला.

"सोड. तू नको उचलू हे."

"अक्का, मला काही होत नाही."

"मला पण आधी काही होत नव्हतं. सोड म्हणते ना."

शैलजाला वर बघवेना. तिने कळशी धरून ठेवली, अक्कानेही सोडली नाही. दोघींच्या बोटांवरून पाणी वाहत होतं. मग शैलजाने हळूच कळशी खाली टेकवली, अक्काला हाताला धरून उंबऱ्यावर बसवलं, आणि स्वतः तिच्या पायाशी ओल्या फरशीवर बसली. मागे नळ तसाच वाहत राहिला. शेजारणीने पलीकडून हाक मारली, तरी ती उठली नाही.

"तू सांग आधी," ती म्हणाली. "तळपाय झाले."

"मग पोटऱ्या," अक्का म्हणाली.